पोराला भेटायला कोर्टाचीच पायरी कशाला?

निशिगंध:
नवरा-बायकोचा दावा चालू असताना मुलाचा ताबा ज्याच्याकडे नाही, त्याला कोर्ट भेटीचे तास ठरवून देतं. भेटायचं कुठे? पुष्कळदा कोर्टाच्याच आवारात, नाहीतर मॉलमध्ये. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी वेगळं चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्स तरी आहे. पण मुळात पोराने आईबापाला भेटायला कोर्टात का जावं? इंग्लंडमध्ये १९८५ साली नॉटिंगहॅमला पहिलं भेट-केंद्र निघालं. आज तिकडे चर्चच्या हॉलमध्ये स्वयंसेवक अशी केंद्रं चालवतात. आपल्या महापालिकेच्या शाळा रविवारी रिकाम्याच असतात की!

दुसरा_शनिवार:
साफ असहमत. मी बाप आहे, आरोपी नाही. मुलगी माझ्या घरी आली तर आजीच्या हातची धिरडी खाईल, पसारा करेल, दुपारी लोळेल. केंद्रात काय? "शाळा कशी चाललीय?" "बरी." की संपलं, उरलेला वेळ भिंतीवरचं घड्याळ बघायचं. मुलाच्या ताब्याच्या यशिता साहू प्रकरणात (२०२०) सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय, आईबाप दोघांचं प्रेम आणि सहवास हा मुलाचा हक्क आहे.

अबोली:
सगळ्यांच्या नशिबी आजी आणि धिरडी नसतात हो. बहिणीचा नवरा मुलाला न्यायला सोसायटीच्या गेटवर यायचा. दर वेळी वॉचमनसमोर तमाशा. पोराचं आदल्या रात्रीपासूनच पोट दुखायला लागायचं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं (२००५) कलम २१ बघा: भेट मुलाला घातक ठरेल असं मॅजिस्ट्रेटचं मत झालं, तर भेट नाकारायचीच. म्हणजे तुम्हाला भेट घरीच हवी, आणि धोका दिसला की कायद्याने भेटच नाही. मधलं काही नकोच का?

दुसरा_शनिवार:
बहिणीचं खरं असेल, नाही म्हणत नाही. पण अर्जात आरोप लिहायला काय लागतं? एकदा आदेशात 'देखरेखीखाली' आलं की ते काढता काढता मुलगी दहावीला पोचते.

काळा_कोट:
इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. एक, नुसतं मूल सोडणं-नेणं. आई एका दाराने सोडून जाईल, बाप दुसऱ्या दाराने घेऊन जाईल, गाठच पडायला नको. दुसरी, समुपदेशक खोलीत बसून होणारी भेट. ती धोका असेल तिथेच, आणि फेरविचाराची तारीख आदेशातच हवी. खरी मेख नोंदींत आहे. भेटीत मूल रडलं असं कुणी लिहून ठेवलं, तर उद्या उलटतपासणीत तेच पुढे येणार. इंग्लंडच्या साध्या केंद्रांत हजेरीपलीकडे काही लिहीत नाहीत, धोका दिसला तरच कळवतात. हा नियम आधी करा, घसरगुंडी मागाहून आणा.

निशिगंध:
दोन दारं एकदम मान्य. पण बाप आलाच नाही, किंवा आईने मूल आणलंच नाही, तर?

काळा_कोट:
त्याला हजेरीची वही पुरते. आल्या-गेल्याची वेळ, दोघांच्या सह्या. दर भेटीला "ताप आलाय" सांगणारे आपोआप उघडे पडतात.

अबोली:
आणि सही करताना एखाद्याने आरडाओरडा केला तर ते स्वयंसेवक काय करणार? इथे पगारी, शिकलेलं माणूस हवं. नगरसेवकाचा ओळखीचा पोरगा बसवाल तर बहीण मुलाला पाठवणार नाही.

दुसरा_शनिवार:
त्या पगारी माणसाचा पगार कोण देणार, तेही ठरवा. माझ्याकडून घेणार असाल तर पोटगीतून वळता करा. दारं हवी तेवढी ठेवा, पण खोलीत तिसरी खुर्ची मला चालणार नाही.