प्रतिसाद: यूनिकर्नेल आणि भारतीय वेळ

यूनिकर्नेल म्हणजे एकच अ‍ॅप आणि त्याला लागेल तेवढाच ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग जोडून बनवलेली व्हीएम (आभासी मशीन). तिच्यात शेल, म्हणजे आत जाऊन कमांड द्यायची सोय, नसल्याने डीबगिंग अवघड जातं हा वरच्या पोस्टमधला मुद्दा पटला. पण गो या प्रोग्रामिंग भाषेतला सर्व्हर लॅपटॉपवर नीट चालून यूनिकर्नेलमध्ये कोसळण्याचं एक नेहमीचं कारण कुणी लिहिलं नाही: टाइमझोनच्या फाइली. आपण मुद्दाम घातल्या नाहीत तर त्या यूनिकर्नेलच्या इमेजमध्ये (व्हीएम ज्यावरून सुरू होते त्या फाइलीत) नसतात. मग ‘एशिया/कोलकाता’ हा भारताचा टाइमझोन लोड होत नाही, एरर न तपासता तेच लोकेशन वापरलं की पॅनिक, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. पॅनिक सुरुवातीलाच आला तर एकुलती प्रोसेस जाते, म्हणजे अख्खी व्हीएमच बंद!

उपाय सोपा आहे. बिल्ड करताना ‘टाइमटीझेडडेटा’ (timetzdata) टॅग द्या (गो १.१५ पासून आहे), म्हणजे टाइमझोनची माहिती प्रोग्राममध्येच येते; बायनरी (तयार प्रोग्रामची फाइल) साधारण ४५० केबीने वाढते, तेवढं परवडतं. आणि क्लाउडचा रीजन मुंबई निवडला म्हणून घड्याळ भारतीय वेळेवर येत नाही. ते यूटीसीच (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) राहतं, त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आदल्या तारखेत पडतात.