विषय: उत्तर: अन्नदान, एमेअस (लँडबीच)

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,
गणेशोत्सवाचा हिशेब लागला, थोडे पैसे शिल्लक आहेत. केंब्रिजजवळ लँडबीचला एमेअस ही बेघरांची संस्था आहे, तिथे एक रविवार अन्नदान करावं असं सुचलंय. पुलाव, बटाट्याची भाजी, शिरा. वाढायला हात हवेत. फोटोसाठी मंडळाचे टी-शर्ट घालून यावे.

प्रेषक: एक सभासद

कार्यवाहसाहेब, हेतू चांगला आहे, पण टी-शर्ट राहू द्या. मी शनिवारी त्यांच्या दुकानात मदतीला जाते. तिथे ताट घेऊन कोणी रांगेत उभं नसतं. राहणाऱ्यांना ‘कम्पॅनियन’ म्हणतात. प्रत्येकाला स्वतःची खोली, जेवण सगळ्यांचं एकत्र आणि झेपेल तेवढं काम: व्हॅनमधून लोकांचं जुनं सामान आणायचं, कपाटं घासूनपुसून उभी करायची, विकायची. हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठीची सरकारी मदत) सोडला तर बेकारभत्त्यासारखं सरकारी काही घेत नाहीत. आठवड्याला हातखर्च मिळतो. आवारात दारू, ड्रग्ज बंद.

एमेअसची सुरुवातच तशी झाली. 1949 साली पॅरिसजवळ आबे पिएर या पाद्र्याकडे जॉर्ज आला, तुरुंगातून सुटलेला, जीव द्यायला निघालेला. पिएरनी त्याला भीक दिली नाही, बेघरांसाठी घरं बांधायला हाताशी घेतलं. अशा माणसांना आपण शिरा वाढणार आणि फोटो काढणार? मला नाही पटत. पैसे द्या, सामान द्या.

प्रेषक: खजिनदार

ताई, पैसे द्यायला हरकत नाही, पण दोन शंका. पगार न देता राबवून घेणं म्हणजे वेठबिगारीच की! आणि त्या पिएरबद्दल मध्यंतरी काय काय बाहेर आलं, त्याचं काय?

प्रेषक: एक सभासद

काका, दुसरं आधी. बायकांनी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी केल्या, त्यावर जुलै 2024 मध्ये फ्रान्समधल्या एमेअसनेच अहवाल जाहीर केला. तो माणूस 2007 सालीच गेला होता. त्याच्या नावाच्या फाउंडेशनने पुढे नावही बदललं. तो अहवाल दाबून ठेवला असता तर मी स्वतःच जाणं सोडलं असतं.

पगाराचं तुमचं म्हणणं बिनबुडाचं नाही. वेठबिगाराला सुटका नसते. इथून कधीही निघून जाता येतं, आणि नोकरी लागून जाणारे जातातही. तरी किमान वेतन नाही हे खरंच, आणि मला ते अजून पुरतं पटलेलं नाही. पण गेल्या शनिवारी एक गृहस्थ गिऱ्हाइकाशी कपाटाच्या किमतीवरून घासाघीस करत होते, दोन पाउंड कमी करायला तयार नाहीत! ‘ड्रॉवर मी बसवलेत’ म्हणाले. अन्नछत्रात हे कुठून बघायला मिळणार?

सामानाचं सांगते. सोफा द्यायचा असेल तर आधी उलटा करून फायर लेबल (सोफा सहज पेट घेत नाही असं सांगणारी पट्टी) बघा. 1988 च्या नियमांमुळे लेबल नसेल तर विकता येत नाही, आणि मग तो फेकायचा खर्च त्यांच्याच बोकांडी. इथे इन्कम टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडचं विचारा, पाउंडामागे 25 पेन्स संस्थेला सरकारकडून जास्तीचे मिळतात. फुटके कप, चिरलेले कुकर कृपया नकोत.

प्रेषक: दुसरे सभासद

आमच्याकडे जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या आहेत. एकीचा पाय हलतो. चालेल?

प्रेषक: एक सभासद

चालेल, पण फोनवर तसं आधीच सांगा. आणि टेबलाचे पाय सुटे होत असतील तर स्क्रू पिशवीत घालून त्यालाच चिकटवा.