भेटी एक तृतीयांशाने घटल्या आहेत. बॅकलिंकचे पॅकेज घ्यावे का?

धागाकर्ता

नमस्कार. जुने फिल्म कॅमेरे, त्यांची दुरुस्ती आणि त्यांवरील छायाचित्रण या विषयांवरचे एक संकेतस्थळ मी काही वर्षांपासून चालवतो आहे. थोडे उत्पन्न जाहिरातींतून आणि थोडे सुट्या भागांच्या अ‍ॅफिलिएट दुव्यांमधून, म्हणजे त्यांवरून खरेदी झाल्यास मिळणाऱ्या कमिशनमधून, मिळते. गेल्या काही महिन्यांत गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या अहवालात भेटींची संख्या जवळपास एक तृतीयांशाने कमी झालेली दिसते. या काळात मी कोणताही लेख काढून टाकलेला नाही, पानांचे पत्ते बदललेले नाहीत आणि होस्टिंगही पूर्वीचेच आहे.

नेमक्या याच सुमारास एका एसईओ (शोधनिकालांत संकेतस्थळ वर आणण्याच्या) सेवेकडून ईमेल आला. ‘उच्च दर्जाच्या’ संकेतस्थळांवरून ५०० बॅकलिंक (म्हणजे माझ्या संकेतस्थळाकडे येणारे दुवे), डोमेन ऑथॉरिटी (संकेतस्थळाच्या वजनाचा अंदाज देणारा आकडा) ४० पर्यंत नेणे आणि निवडक शब्दांसाठी तीन महिन्यांत पहिल्या क्रमांकाची हमी, असे त्यांच्या प्रस्तावाचे स्वरूप आहे. माझ्या दृष्टीने रक्कम लहान नाही. हा खर्च करावा का, आणि करू नये असे असेल तर तोच पैसा व वेळ कशावर घालवावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र ‘बॅकलिंक निरुपयोगी असतात’ असा त्याचा अर्थ घेऊ नये. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पेजरँकची कल्पनाच मुळात अशी होती की एखाद्या पानाकडे इतर पाने दुव्याने निर्देश करतात, तेव्हा त्या निर्देशाला मताचे मोल असते आणि मत देणारे पान स्वतः जितके महत्त्वाचे, तितके ते मत वजनदार असते. दुवे आजही उपयोगी आहेत. परंतु मताला किंमत आली की मते विकत घेण्याचा बाजारही उभा राहतो, आणि त्या बाजाराचा बंदोबस्त करण्यासाठी गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हा बदल आणला. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मूळ क्रमवारी-प्रणालीचाच भाग झाला आणि तेव्हापासून त्याचा रोख अशा कृत्रिम दुव्यांमुळे संपूर्ण संकेतस्थळाला खाली ढकलण्यापेक्षा ते दुवे हिशेबातच न धरण्यावर राहिला आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की ५०० दुवे विकत घेतल्यास बरी शक्यता ‘काहीच घडणार नाही’ ही आहे. वाईट शक्यता म्हणजे गूगलच्या कर्मचाऱ्यांनी स्वतः तपासून केलेली मॅन्युअल कारवाई. ती झाल्यास दुवे काढून टाकणे, पुनर्विचारासाठी अर्ज करणे आणि उत्तराची वाट पाहणे हे सारे तुमच्याच वाट्याला येते, तोवर पॅकेज विकणारे कदाचित ईमेललाही उत्तर देत नसतात.

डोमेन ऑथॉरिटीबद्दल एवढेच सांगतो की तो आकडा मॉझ या खासगी कंपनीने बनवलेला आहे आणि गूगल आपली क्रमवारी लावताना तो वापरत नाही. तो ४० झाला काय किंवा ६० झाला काय, त्याने वाचक वाढत नाहीत. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक पानावरही लिहिलेले आहे. हमी ‘पूर्ण’ करण्याची नेहमीची युक्ती म्हणजे कोणीही शोधत नाही असा चार-पाच शब्दांचा लांबलचक वाक्यांश निवडायचा, त्यावर पहिले स्थान मिळवून दाखवायचे आणि बिल पाठवायचे.

एक वेगळी गोष्ट, कारण तुम्ही अ‍ॅफिलिएट दुव्यांचा उल्लेख केला आहे. पैशाच्या व्यवहारातून आलेला दुवा निषिद्ध नसतो, परंतु तो तसा आहे हे सर्च इंजिनाला कळले पाहिजे. त्यासाठी ‘नोफॉलो’ हे चिन्ह २००५ पासून आणि ‘स्पॉन्सर्ड’ हे अधिक नेमके चिन्ह २०१९ पासून उपलब्ध आहे. तुमच्या सुट्या भागांच्या दुव्यांना यांपैकी एक चिन्ह लावलेले आहे की नाही, हे आजच पाहून घ्यावे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण माझा आक्षेप त्याच्याही आधीच्या पायरीवर आहे. नेमके काय घटले आहे हेच अजून ठरलेले नसताना उपायाची चर्चा चालली आहे. ‘भेटी घटल्या’ हे अ‍ॅनालिटिक्सचे म्हणणे आहे. अ‍ॅनालिटिक्सची मोजणी वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टवर अवलंबून असते. ती स्क्रिप्ट अडली, उशिरा चालली किंवा तिला परवानगी मिळाली नाही, तर वाचक प्रत्यक्षात येऊनही तो मोजला जात नाही. सर्च कन्सोल या गूगलच्या शोध-अहवालातील क्लिकची नोंद मात्र गूगलच्या बाजूने होते. म्हणून पहिला प्रश्न असा की घटीच्या सुमारास तुम्ही कुकी-संमतीची, म्हणजे वाचकाची मोजणीला परवानगी विचारणारी, पट्टी बसवली होती का, किंवा एखादे प्लगइन बदलले होते का?

दुसरे असे की सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची माहिती साठवलेली असते, तेव्हा गेल्या तीन महिन्यांची तुलना त्याआधीच्या तीन महिन्यांशी न करता मागील वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी करावी. छंदाच्या विषयांना हंगाम असतो आणि हंगामी उतार हा आजार नव्हे. ही तुलना करताना इम्प्रेशन (शोधनिकालांत तुमचा दुवा किती वेळा दिसला), क्लिक आणि सरासरी स्थान हे तिन्ही आलेख एकत्र वाचावेत. इम्प्रेशन आणि स्थान दोन्ही खाली आले असतील तर क्रमवारीत खरोखर घसरण झालेली आहे. स्थान तेच असून इम्प्रेशन कमी झाले असतील तर लोक तो विषयच कमी शोधत आहेत. आणि इम्प्रेशन व स्थान जागच्या जागी असून केवळ क्लिक कमी झाले असतील, तर निकालपानावर तुमच्या दुव्याच्या वर किंवा आजूबाजूला काहीतरी बदलले आहे. या तीन अवस्थांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत आणि बॅकलिंकचे पॅकेज तिसऱ्या अवस्थेत तर अगदीच गैरलागू आहे.

सरासरी स्थानाविषयी एक सावधगिरी बाळगावी. एखादे पान नव्या, दूरच्या शोधांसाठी चाळिसाव्या-पन्नासाव्या स्थानावर दिसू लागले की संपूर्ण संकेतस्थळाचे सरासरी स्थान बिघडलेले दिसते, जरी जुन्या शोधांतील एकही जागा गमावलेली नसली तरी. त्यामुळे सरासरी नेहमी एकेक पान किंवा एकेक शोध निवडूनच पाहावी. शोधशब्दांच्या यादीची बेरीज वरच्या एकूण संख्येशी जुळत नाही म्हणूनही गोंधळू नये; फारच थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी त्या यादीतून वगळले जातात.

धागाकर्ता

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले असता चित्र बरेच वेगळे निघाले. संमतीची पट्टी खरोखरच त्याच काळात बसवलेली आहे. सर्च कन्सोलमध्ये मागील वर्षाच्या तुलनेत क्लिक कमी झाले आहेत, पण ती घट दहा टक्क्यांच्या आसपास आहे, एक तृतीयांश नाही. इम्प्रेशन आणि स्थान जवळजवळ तसेच आहेत. पानागणिक पाहिल्यावर असे दिसले की दुरुस्तीच्या सविस्तर लेखांना काहीच झालेले नाही. ‘अमुक कॅमेऱ्याला कोणती बॅटरी लागते’ किंवा ‘अमुक फिल्म किती आयएसओची असते’ अशा एका ओळीच्या उत्तराच्या छोट्या पानांनीच क्लिक गमावले आहेत.

त्यामुळे आता दोन नवे प्रश्न उभे राहिले आहेत. ही उत्तरे निकालपानावर परस्पर दाखवली जाऊ नयेत म्हणून त्या पानांवर बंदी घालावी का? आणि अशी छोटी पाने एआयच्या साहाय्याने मोठ्या संख्येने तयार करून संख्येच्या जोरावर घट भरून काढता येईल का?

प्रतिसाद ३

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे: नाही. मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात, क्रमवारीवर प्रभाव पाडण्याच्या हेतूने मोठ्या प्रमाणावर तयार केलेला आणि वाचकाला फारसा उपयोग नसलेला मजकूर हा स्वतंत्र गैरप्रकार मानलेला आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. शिवाय ज्या प्रकारच्या पानांवर आज क्लिक मिळत नाहीत, तशीच आणखी हजार पाने तयार करण्यात तर्क तरी कोणता?

पहिल्या प्रश्नासाठी साधन उपलब्ध आहे. ‘नोस्निपेट’ हा निर्देश दिल्यास त्या पानाचा मजकूर उतारा म्हणून दाखवला जात नाही आणि एआय ओव्हरव्ह्यूसाठीही (निकालपानावर एआयने तयार केलेल्या सारांशासाठी) थेट वापरला जात नाही. ‘मॅक्स-स्निपेट’ने उताऱ्याची लांबी मर्यादित करता येते. काहीजण यासाठी रोबॉट्स फाइलमध्ये (सर्च इंजिनांना सूचना देणाऱ्या फाइलमध्ये) ‘गूगल-एक्सटेंडेड’ला मनाई करतात, पण ती सोय जेमिनी या गूगलच्या एआय सहायकासाठी आहे आणि निकालपानावरील एआय ओव्हरव्ह्यूवर तिचा परिणाम होत नाही. तरीही मी ही बंदी घालणार नाही. बॅटरीचा क्रमांक ही कोणाच्याही मालकीची माहिती नव्हे. तुम्ही दिली नाही तर शेजारच्या संकेतस्थळावरून घेतली जाईल, आणि तुमचा दुवा मात्र वर्णनाविना, ओकाबोका दिसेल.

त्याऐवजी या छोट्या पानांचे एकत्रीकरण करावे. एका कॅमेऱ्याची बॅटरी, फिल्म भरण्याची पद्धत, मीटरचे (प्रकाशमापकाचे) नेहमीचे दोष आणि बॅटरी बनणे बंद झाले असल्यास पर्याय कोणता व त्याने मीटरच्या मोजणीत किती फरक पडतो, हे सारे एका पानावर आणले की क्रमांक वाचून निघून जाणाऱ्यापेक्षा वेगळा वाचक येतो: ज्याच्या हातात कॅमेरा आहे आणि तो चालत नाही. असा वाचक दोन ओळींच्या सारांशावर समाधान मानत नाही, आणि सुट्या भागांच्या दुव्यावर क्लिक करणाराही बहुधा तोच असतो.

एकत्रीकरण करताना प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच कॅमेऱ्याच्या नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट (वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारे कायमचे वळण) द्यावे आणि ते किमान एक वर्ष ठेवावे. सगळे पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवण्याचा सोपा मार्ग टाळावा, कारण असंबद्ध पानाकडे नेणारे रीडायरेक्ट ‘पान सापडले नाही’ याच वर्गात मोजले जाऊ शकते. अंतर्गत दुवेही थेट नव्या पत्त्यांवर न्यावेत. छायाचित्रे पुष्कळ असल्याने पानाचा वेग तपासून घ्यावा. पानातील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा आणि हे प्रत्यक्ष भेटींपैकी किमान ७५ टक्के भेटींत घडावे, असा गूगलचा निकष आहे. सर्वांत वरच्या छायाचित्रालाच ‘लेझी लोडिंग’ (चित्र गरज पडेल तेव्हाच उतरवण्याची सोय) लावल्यामुळे हा निकष हुकल्याची उदाहरणे वरचेवर पाहण्यात येतात.

प्रतिसाद ४

थोडे वेगळे मत मांडतो. वरील सर्व सल्ला योग्य आहे, परंतु तो एकाच दाराची डागडुजी करणारा आहे. दुरुस्तीचा लेख पूर्ण वाचणारा वाचक पुन्हा यावा यासाठी ईमेल-पत्रिका सुरू करावी, आणि पॅकेजसाठी बाजूला काढलेल्या रकमेचा काही भाग तिच्यावर खर्च करावा. पत्ते कोठूनही विकत घेऊ नयेत. स्वतःहून नोंदणी करणाऱ्यांनाच पत्रिका पाठवावी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले आहेत. दिवसाला ५००० पेक्षा अधिक ईमेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क ही पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी तिन्ही प्रमाणीकरणे आणि एका क्लिकवर नोंदणी रद्द करण्याची सोय बंधनकारक आहे. तुमची संख्या त्याच्या जवळपासही नसेल, तरी ही व्यवस्था पहिल्या अंकापासूनच करून ठेवावी, कारण स्पॅममध्ये जाणारी पत्रिका कोणी उघडत नाही.

प्रतिसाद २ देणारे सदस्य

पत्रिकेच्या सूचनेला माझे अनुमोदन आहे. मोजणीविषयी एक सूचना राहिली होती. सर्व पानांचे एकत्रीकरण एकदम करू नये. आधी चार-पाच कॅमेऱ्यांची पाने एकत्र करावीत, बदलाची तारीख लिहून ठेवावी आणि गूगलकडून पाने पुन्हा वाचली (क्रॉल) जाऊन आकडे स्थिर होण्यासाठी काही आठवडे जाऊ द्यावेत. त्याच काळात गूगलचा एखादा कोअर अपडेट (क्रमवारी-प्रणालीतील मोठा बदल) चालू असेल तर निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण असा अपडेट पूर्ण होण्यासच बहुतेकदा दोन-तीन आठवडे लागतात. तुलना करताना जुन्या छोट्या पानांच्या क्लिकची बेरीज एका बाजूला आणि नव्या पानाचे क्लिक दुसऱ्या बाजूला ठेवावेत. एकट्या नव्या पानाचा चढता आलेख पाहून समाधान मानू नये. अ‍ॅनालिटिक्समध्ये मात्र संमतीची पट्टी बसवल्याच्या तारखेपूर्वीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे आता सोडून द्यावे.