काचबिंदूचे रात्रीचे थेंब (लॅटॅनोप्रोस्ट): बाटली लवकर संपते, डोळे लाल होतात, वारीत काय करायचं?

हडपसरकर
नमस्कार मंडळी. आईला (वय ६४) दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघालाय, उघड्या कोनाचा प्रकार. डोळ्यातला दाब उजवीकडे २६, डावीकडे २४. लॅटॅनोप्रोस्ट ०.००५ टक्के, रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, असं लिहून दिलंय. तिला दमा आहे, पंप चालू आहे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालंय.
२.५ मिलीची बाटली महिनाभर पुरत नाही. डोळे लाल दिसतात. दिसण्यात काहीच फरक नाही, मग कशाला घालायचे, असं ती म्हणते. एखाद्या रात्री राहिलं तर सकाळी घालायचं, की दुसऱ्या रात्री दोन? शिवाय ती माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पायी निघते. बाटलीवर फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलंय. वाटेत काय करायचं?

नेत्रवैद्य_पुणे
तुमच्या आईंचा प्रश्न आधी घेतो, कारण थेंब बंद पडतात ते बहुतेक इथेच. या थेंबांनी दिसण्यात सुधारणा होत नाही. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस जेवढी मेली तेवढी परत येत नाही, थेंब फक्त उरलेली वाचवतात. उपयोग होतोय की नाही हे रुग्णाला आतून कळण्याची सोयच नाही. ते दाबाच्या आकड्यावरून आणि फील्ड टेस्टवरूनच (दृष्टिक्षेत्र, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं, याची तपासणी) कळतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत (२०१५ साली प्रसिद्ध) निम्म्या रुग्णांना लॅटॅनोप्रोस्ट आणि निम्म्यांना औषध नसलेले थेंब दिले होते. दोन वर्षांत औषध नसलेल्या गटात सुमारे २६ टक्के लोकांचं दृष्टिक्षेत्र आणखी घटलं, औषधाच्या गटात सुमारे १५ टक्के. हा फरक आईंना सांगा.

डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि बाहेर जातं. टिमोलॉल (काचबिंदूचं दुसरं एक औषध) नळ बारीक करतो, प्रोस्टाग्लँडिन (लॅटॅनोप्रोस्ट याच गटातलं) मोरीची दुसरी वाट मोकळी करतं. बुबुळामागच्या स्नायूच्या तंतूंमधली जागा सैल होते आणि पाणी तिथून झिरपतं. दाब साधारण २५ ते ३३ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे २६ चा १८-१९ होणं अपेक्षित आहे. असर ३-४ तासांत सुरू होतो, ८ ते १२ तासांनी सर्वांत जास्त असतो, आणि स्नायूतला बदल सावकाश होत असल्यामुळे पूर्ण परिणाम पाहायला ४ ते ६ आठवडे द्यावे लागतात. रात्री घालायचं एक कारण हेच, पहाटे-सकाळी बऱ्याच जणांचा दाब चढा असतो. पण रात्री सारखं विसरत असेल तर सकाळची वेळ ठरवा. रोज एकच वेळ पाळणं जास्त मोलाचं.

राहिलेला थेंब सोडून द्या, पुढचा नेहमीच्या वेळी. दोन कधीच नाही. हे औषध दिवसातून एकदापेक्षा जास्त घातलं तर दाब उतरायचा तेवढाही उतरत नाही. त्याच कारणाने दोन वेगवेगळी प्रोस्टाग्लँडिन एकत्र देत नाहीत.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनचे कागद डॉक्टरांना दाखवा. भिंगामागचा पातळ पडदा त्या वेळी फाटला असेल तर या थेंबांनी दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येण्याचा धोका वाढतो. त्या डोळ्याने सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, मधलं धूसर झालं, तर थांबू नका. पूर्वी कधी डोळ्यात नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग किंवा आतली सूज होऊन गेली असेल तर तेही सांगायला हवं.

दृष्टिमापक_कोथरूड
बाटली लवकर संपते याचा अर्थ थेंब गालावर जाताहेत. २.५ मिलीत साधारण ८० थेंब असतात. दोन डोळ्यांना महिन्याला ६० लागतात, म्हणजे वीस वाया गेले तरी पुरायला हवी. डोळ्यात मावतो तोच मुळी एका थेंबापेक्षा कमी, त्यामुळे "नीट पडला नसेल" म्हणून दुसरा घातला तर तो सगळा बाहेरच येतो.

हात धुवा. आईंना आडवं झोपवा किंवा खुर्चीत मान मागे टेकवून बसवा, नजर वर. खालची पापणी बोटाने ओढून खोबण करायची आणि त्यात एक थेंब सोडायचा. टोक पापणीला, केसांना लागता कामा नये. लागलं की बाटलीत जंतू जातात. मग डोळा अलगद मिटायचा, पापण्या फडफडवायच्या नाहीत (फडफडवलं की औषध अश्रूंबरोबर नाकात उतरतं), आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं थांबायचं. हात थरथरत असतील तर बाटलीचा हात कपाळावर टेकवा. थेंब थंडगार असला की पडल्याचं डोळ्याला लगेच जाणवतं, हा फ्रिजचा एक फायदाच.

मिटलेल्या डोळ्यावर ओघळलेलं औषध स्वच्छ कापसाने टिपायचं. हे फार जण टाळतात, आणि मग पापणीची कातडी काळवंडते, गालाच्या वर लव येते. थेंब बंद केले की काही महिन्यांत ते कमी होतं. पापण्यांचे केस लांब-दाट होतात, तेही परत फिरतं. बुबुळाचा रंग गडद होतो तो मात्र कायमचा. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत तो सहसा लक्षातही येत नाही, घाऱ्या डोळ्यांत दिसतो. एकाच डोळ्यात थेंब चालू असतील तर दोन्हींतला फरक उठून दिसू शकतो, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

लाली पहिल्या काही आठवड्यांत बरीचशी ओसरते. लाली घालवणारे थेंब दुकानातून परस्पर आणू नका. दुखणं, उजेड सहन न होणं, अचानक धूसर दिसणं यांपैकी काही सोबत असेल तर त्याच दिवशी दाखवा. नुसती लाली आणि चुरचुर टिकूनच राहिली तर बाटलीतल्या बेन्झाल्कोनियम क्लोराइड या टिकाऊ द्रव्याचा त्रास असू शकतो. ते नसलेले प्रकार मिळतात, डॉक्टरांना विचारा.

औषधविक्रेता_नारायणपेठ
फ्रिजचं बघू. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालते, ४ ते ६ आठवडे (कंपनीनुसार, खोक्यावर वाचा). उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा. मुदत संपली की उरलेलं टाकून द्या. फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मुळीच नाही. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत घरातच पारा ३५ च्या पुढे जातो, तेव्हा उघडलेलीही फ्रिजमध्येच बरी. लॅटॅनोप्रोस्टला ऊन आणि उष्णता दोन्ही बाधतात.

वारीला साधारण अडीच-तीन आठवडे लागतात, म्हणजे निघताना उघडलेली एक बाटली पंढरपूरपर्यंत पुरते. ती दिंडीच्या ट्रकमधल्या सामानात देऊ नका. दिवसभर उन्हात उभा असलेला ट्रक आतून भट्टी होतो. इन्सुलिन न्यायची छोटी थंड पिशवी मिळते, ती खांद्यावरच्या झोळीत, बाटली आणि बर्फाची गादी यांच्यामध्ये कापड घालून. काही कंपन्यांचं लॅटॅनोप्रोस्ट खोलीच्या तापमानाला टिकणारं येतं. वारीपुरतं तेच लिहून मिळालं तर सगळ्यांत सोपं, पण आपल्या मनाने बदलू नका. वेळ हरिपाठानंतरची ठरवा. मुक्कामी धुळीचे हात असतात, आधी बाटलीतल्या पाण्याने आणि साबणाने धुवा.

हडपसरकर
खूप आभार. एक राहिलंच. मामांनाही काचबिंदू आहे, त्यांच्याकडे दुसऱ्या थेंबांची बाटली शिल्लक असते. आईची संपली तर दोन-चार दिवस ती चालेल?

नेत्रवैद्य_पुणे
अजिबात नको. त्या बाटलीवर टिमोलॉल लिहिलंय का ते आधी बघा. काही वेळा ते प्रोस्टाग्लँडिनसोबत एकाच बाटलीत मिसळलेलं असतं आणि नाव वेगळंच असतं. टिमोलॉल नाकावाटे थेट रक्तात जातं, दम्याच्या रुग्णाला एका थेंबानेही जोराचा झटका येऊ शकतो, नाडीही मंदावते. आईंना प्रोस्टाग्लँडिन दिलंय ते बहुधा दमा लक्षात घेऊनच. छातीच्या डॉक्टरांनाही हे थेंब चालू असल्याचं सांगा. ऑपरेशननंतरचे उरलेले स्टेरॉइडचे थेंब घरात असतील तर तेही टाकून द्या, त्यांनी दाब वाढतो.

आई आणि मामा दोघांनाही आहे म्हटल्यावर तुम्ही आणि तुमची भावंडं चाळिशी उलटली असेल तर दाब, नस आणि कोन (डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जागा) तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढताना हे आपोआप होत नाही, वेगळं सांगावं लागतं.

तपासणीच्या आदल्या रात्री थेंब घालायचे, "आज डॉक्टर बघणारच आहेत" म्हणून सोडायचे नाहीत. चालू बाटली सोबत न्या आणि थेंब त्यांच्यासमोर घालून दाखवा. दाब उतरला नसेल तर औषध बदलण्याआधी हे बघणं गरजेचं असतं.