मदत हवी आहे: गाठ काढल्यानंतर आईच्या हृदयाचे ठोके अनियमित

माझ्या आईच्या अधिवृक्क ग्रंथीतील (मूत्रपिंडावरील ग्रंथी) फिओक्रोमोसायटोमाची गाठ नागपुरात शस्त्रक्रिया करून काढली. ही गाठ रक्तात ॲड्रेनॅलिन हे रक्तदाब व ठोके वाढवणारे संप्रेरक सोडते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) आणि नंतरच बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारे औषध) सुरू केले होते. आता रक्तदाब आटोक्यात आहे. परंतु रात्री कुशीवर वळताच धडधड सुरू होते आणि मनगटावर बोट ठेवले की नाडीचा ठोका मध्येच चुकलेला मलाही जाणवतो. ईसीजीत ते सापडत नाही, त्यामुळे २४ तासांचे होल्टर (ठोक्यांची सलग नोंद करणारे, अंगावर लावायचे यंत्र) सुचवले आहे. गाठीचा अंश उरला आहे, की एवढी वर्षे संप्रेरकांचा मारा सोसलेल्या हृदयाचाच हा परिणाम आहे, ही आमची खरी चिंता आहे. त्यासाठी मेटानेफ्रिनची (ॲड्रेनॅलिनपासून बनणारा, गाठ उरल्यास वाढलेला आढळणारा घटक) तपासणी नागपुरात खात्रीशीर कुठे होते, आणि हृदयरोगतज्ज्ञ व संप्रेरकतज्ज्ञ एकत्रितपणे रुग्ण तपासतात असे ठिकाण कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे.