160 सीसी बाईक: सिंगल चॅनेल एबीएस पुरतं की ड्युअल चॅनेलच घ्यावं?

कुंभार्ली_रायडर

सध्या 2016 ची 150 सीसी गाडी वापरतो. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. आता 160 सीसीची नवी घ्यायची आहे. एकाच मॉडेलमध्ये सिंगल चॅनेल (एबीएस फक्त पुढच्या चाकाला) आणि ड्युअल चॅनेल (दोन्ही चाकांना) असे दोन्ही पर्याय मिळताहेत, किमतीत काही हजारांचा फरक आहे. वापर मुख्यतः चिपळूण ते कराड, कुंभार्ली घाटातून, पावसाळ्यातसुद्धा. बऱ्याचदा मागे माणूस आणि सामान. शिवाय गावाकडे तीन-चार किलोमीटर कच्चा रस्ता, जांभ्याची सुटी खडी.

ड्युअलसाठी जादा पैसे घालावेत का? खडीवर एबीएस उलट नडतं असं ऐकतो, ते खरं का? आणि नवी न घेता जुन्याच गाडीला एबीएस बसवून मिळतं का?

ब्रेकलिव्हर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जुन्या गाडीला बसवू नका. एबीएससाठी दोन्ही चाकांवर सेन्सर आणि दातेरी रिंग, त्या जागेसाठी वेगळे हब, मॉड्युलेटर (ब्रेकचा दाब सोडणारा-देणारा भाग), वेगळ्या ब्रेक लाइन आणि सगळं वायरिंग लागतं. शिवाय त्या मॉडेलचं वजन, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) आणि टायर धरून केलेलं प्रोग्रॅमिंग लागतं. बाजारात ‘एबीएस’ म्हणून जे छोटं पितळी नोझल विकतात, ते ब्रेक लाइनमधला दाब थोडा मऊ करतं, एवढंच. चाक लॉक झालंय हे त्याला कळायला मार्गच नाही. तसलं काही लावू नका.

कायद्याचं थोडक्यात: 125 सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना 1 एप्रिल 2018 पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलना 1 एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं झालं. 125 आणि त्याखालच्यांना सीबीएस किंवा एबीएस चालत होतं. सीबीएस म्हणजे कॉम्बी ब्रेक, एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो. चाक लॉक होणं तो थांबवत नाही. शोरूममध्ये दोन्ही एकच असल्यासारखं सांगतात, त्याला फसू नका.

आता मुद्द्याचं. रबराची पकड सगळ्यात जास्त कधी असते? चाक रस्त्याच्या वेगापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के हळू फिरत असतं तेव्हा. पूर्ण लॉक झालं की पकड कमी होतेच, आणि त्याहून वाईट म्हणजे टायरची आडवी पकड जवळजवळ संपते. मागचं चाक लॉक झालं तर गाडी शेपूट हलवते, बरेचदा सावरता येते. पुढचं लॉक झालं तर हँडल वळतं आणि सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. एबीएस दोन्ही चाकांचा वेग सतत मोजतं. एक चाक अचानक मंदावलं की त्या कॅलिपरचा दाब सोडतं, चाक फिरलं की परत देतं. लिव्हरखाली टकटक जाणवते ती याचीच.

म्हणून पुढच्या चाकाचं एबीएस ही खरी जीव वाचवणारी गोष्ट, आणि ती सिंगल चॅनेलमध्येही मिळते. पण तुमच्या वापरात मागे माणूस आणि सामान आहे. वजन मागे असलं की मागच्या ब्रेकचं काम वाढतं, पायही आपोआप जोरात पडतो. ओल्या उतारावर तेच चाक आधी लॉक होतं. घाबरून पाय सोडला आणि तेव्हा गाडी तिरकी असली, तर चाकाला एकदम पकड मिळून गाडी उलट्या बाजूला फेकते. तुमच्या रस्त्यासाठी ड्युअल घ्या. गावातल्या गावात एकट्याने चालवणाऱ्याला मी सिंगल पुरे म्हणालो असतो.

एक हिशेब मनात ठेवा. ताशी 60 म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. ब्रेकला हात जाईपर्यंत एक सेकंद धरला तर तेवढं अंतर गेलंच. पुढे कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तर आणखी 20 मीटर, ओल्यावर 28 च्या आसपास. एबीएस त्या पहिल्या 16.7 मीटरला हात लावू शकत नाही.

तांबडी_माती

वरचं सगळं मान्य. खडीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ‘खडीवर नडतं’ हे अर्धं खरं आहे.

सुट्या खडीवर लॉक झालेलं चाक पुढ्यात खडीचा ढीग गोळा करतं आणि त्याला अडून गाडी थांबते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळे तो ढीग होत नाही आणि थांबायला अंतर जास्त लागतं. उतारावर तर ब्रेक सुटल्यासारखंच वाटतं. हँडल मात्र ताब्यात राहतं. म्हणून कच्च्यावर वेग ताशी 25-30 च्या आत, गिअर दुसरा, इंजिनाने रोखत उतरायचं. तीन-चार किलोमीटरसाठी एवढं पुरतं.

काही गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं, उदाहरणार्थ ड्यूक 390 मधला सुपरमोटो मोड. 160 सीसीच्या साध्या गाड्यांत अशी सोय सहसा नसते. फ्यूज काढून एबीएस बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो परत लावायचं राहून जातं आणि नेमकं घाटात आठवतं.

वळणाबद्दल कोणी बोललं नाही. साधं एबीएस गाडी सरळ उभी आहे असं धरून चालतं. वाकलेल्या गाडीत टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च झालेली असते, त्यामुळे चाक ‘लॉक’च्या जवळ जाण्याआधीच घसरू शकतं. वाकण्याचा कोन मोजणारं कॉर्नरिंग एबीएस महागड्या गाड्यांत असतं. तेव्हा कुंभार्लीच्या नागमोडी भागात वळणाआधी, गाडी सरळ असतानाच वेग उतरवा. वळणाच्या आत डिझेल सांडलेलं असेल तर ड्युअल चॅनेलही तुम्हाला उभं ठेवणार नाही. पहिल्या पावसाच्या सरींत साचलेली धूळ आणि ऑइल वर येतं, ते दिवस सगळ्यात वाईट. पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पुलांच्या लोखंडी जोडांवर ब्रेक नको.

कुंभार्ली_रायडर

दोघांचेही आभार. ड्युअल पक्कं. आता देखभालीचं विचारतो. ओळखीच्या एकाच्या गाडीत पंक्चर काढल्यापासून एबीएसचा दिवा जात नाही. ब्रेक लागतो. तशी चालवणं धोक्याचं का? आणि दुरुस्तीत नेमकं काय बघायचं?

पाना_नंबर_आठ

दिवा पेटलेला म्हणजे एबीएस बंद, साधा हायड्रॉलिक ब्रेक चालू. गाडी थांबेल, पण चाक लॉक होऊ शकतं हे धरून चालवायला सांगा. इग्निशन ऑन केल्यावर दिवा लागणं आणि गाडी ताशी 5 ते 10 ला पोचल्यावर विझणं हे नॉर्मल आहे. उभ्या गाडीत तो विझत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

मेन स्टँडवर गिअर टाकून मागचं चाक फिरवत चेन ऑइल केलं असेल तरीही दिवा लागतो. मागचं चाक पळतंय आणि पुढचं थांबलंय, हे सिस्टमला चूक वाटतं. किल्ली बंद करून परत चालू करा, थोडी चालवा, जातो.

पंक्चरनंतर लागला असेल तर बहुतेक वेळा कारण चाकापाशीच असतं. चाक जमिनीवर आडवं ठेवलं की दातेरी रिंगवर वजन येऊन ती वाकते. चाक काढायचं तर डिस्क आणि रिंग वरच्या बाजूला येईल असं ठेवा. रिंग हाताने फिरवून बघा, ती लहरत असेल तर बदलायची, ठोकून सरळ करायची नाही. दुसरं म्हणजे स्पेसर, चाकाच्या दोन्ही बाजूंना अंतर राखणारी कडी. डावा-उजवा अदलाबदल झाला की सेन्सर आणि रिंगमधलं अंतर बिघडतं. हे अंतर एक मिलिमीटरच्या आसपास असतं, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. तिसरं, सेन्सरची वायर फोर्कवरच्या क्लिपमधून निघून टायरला घासते. कोकणात चौथं कारणही असतं: कपलरमध्ये (वायरच्या जोडात) पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कोरडं करा. सेन्सरच्या तोंडावर चिखल आणि लोखंडाचा कीस बसतो, तो ओल्या फडक्याने पुसा. प्रेशर वॉशरचा झोत तिथे थेट मारू देऊ नका. एवढं करूनही दिवा राहिला तर स्कॅनरवर फॉल्ट कोड वाचून घ्या. अंदाजाने मॉड्युलेटर बदलायला होकार देऊ नका, सगळ्यात महाग भाग तोच आहे.

ब्रेक ऑइलकडे लोक अजिबात बघत नाहीत. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरलेल्यासाठी ही हद्द 155 अंश आहे. लांब उतारावर डिस्क तापली की जुन्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडून थेट ग्रिपला टेकते. शिवाय हेच पाणी मॉड्युलेटरचे व्हॉल्व्ह आतून गंजवतं. दर दोन वर्षांनी बदला, ऑइल काळपट दिसलं तर आधी. सीलबंद डबाच घ्या. सिलिकॉनवाल्या डॉट 5 ला एबीएसमध्ये जागा नाही. बदलताना ब्रेक ऑइलची टाकी एकदाही रिकामी पडू देऊ नका. हवा मॉड्युलेटरमध्ये गेली तर नुसत्या पंपिंगने निघेलच असं नाही, स्कॅनरने त्याचा पंप चालवावा लागतो. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा.

टायरचा साइज बदलू नका. चाकाचा घेर बदलला की वेगाचा हिशेब चुकतो आणि एबीएस चुकीच्या क्षणी दाब सोडतं.

ब्रेकलिव्हर

एक भर. नवी गाडी ताब्यात आल्यावर पहिले 200-300 किलोमीटर पॅड बसू द्या, कचकन ब्रेक टाळा. मग रिकामा, सरळ, कोरडा रस्ता बघून ताशी 30 वरून आधी फक्त मागचा ब्रेक पूर्ण दाबा. पायाखाली टकटक आली पाहिजे. नंतर दोन्ही एकदम, पुढची लिव्हर आधी हलकी आणि लगेच घट्ट. टकटक सुरू झाली की बहुतेक जण दचकून लिव्हर सोडतात आणि अंतर तिथेच वाढतं. सोडायचं नाही, गाडी थांबेपर्यंत दाबून धरायचं. आधी एकट्याने, नंतर मागे माणूस बसवून. पाऊस सुरू व्हायच्या आत हे करून घ्या.