फॉस्टर घर ठरल्याशिवाय पिल्लू उचलायचं नाही: हा नियम बरोबर की निर्दय?

रानवारा (पुणे)

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करणारा आमचा एक छोटा गट आहे. शेल्टर नाही, पगारी माणूस नाही. नोकऱ्या सांभाळून धावपळ करणारी मंडळी, एक रिक्षावाले काका आणि कमी पैशांत उपचार करणारे एक डॉक्टर. या गटात मी एक नियम मांडला आहे: आधी फॉस्टर घर, मग पिल्लू. दत्तक जाईपर्यंत ते कुणाच्या घरी राहणार, कधीपर्यंत राहणार आणि डॉक्टरचं बिल कोण भरणार, एवढं लिहून झाल्याशिवाय पिल्लाला हात लावायचा नाही. अर्धा गट माझ्यावर नाराज आहे. म्हणून इथे विचारते आहे.

आत्ता काय होतं ते सांगते. रात्री अकराला ग्रुपवर फोटो येतो, पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन पिल्लं. खाली लिहिलेलं असतं, ‘अर्जंट फॉस्टर हवाय, फक्त दोन दिवसांसाठी’. सगळे हात जोडल्याच्या इमोजी टाकतात, पुढे पाठवतात आणि शेवटी जिला नाही म्हणता येत नाही तिच्या गळ्यात ती पिल्लं पडतात. बहुतेक वेळा ती भाड्याच्या खोलीत राहणारी एखादी मुलगी असते. दोन दिवसांचे दोन महिने होतात. घरमालकाला कळलं की पिल्लू दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या. तोवर ते लांब पायांचं, मोठ्या कानांचं होतं आणि ‘लहान असतं तर घेतलं असतं’ ही उत्तरं सुरू होतात. त्यात ती मादी असेल तर विचारायलाच नको.

दुसरं म्हणजे, उचललेली सगळी पिल्लं अनाथ नसतात. आई खाणं शोधायला गेलेली असते. आपण ‘सोडून दिलेली पिल्लं’ म्हणून घेऊन येतो आणि ती परत येऊन भरलेल्या सडांनी गल्लीभर हुंगत फिरते. तिचं पुढे काय झालं हे कुणी बघायला जात नाही. कुत्रीचा गाभण काळ जेमतेम 63 दिवसांचा. त्याच गल्लीत पुन्हा खोकं सापडतं. तिथेच तिला खाऊ घातलं असतं, वेळेवर पिल्लांना लस दिली असती आणि पिल्लं दूध सोडल्यावर तिची नसबंदी केली असती, तर त्या गल्लीचा प्रश्न सुटला असता.

निशाचर

रानवारा, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण हा नियम मला साफ नामंजूर. कारण भावनेचं नाही, व्यवहाराचं आहे. ‘फॉस्टर कराल का?’ असं मोघम विचारलं तर शंभरातले शंभर नाही म्हणतात. त्याच माणसाला मांडीवर झोपलेल्या पिल्लाचा फोटो दाखवा, त्याचा उजवा कान कसा दुमडतो ते सांगा, मग तो म्हणतो, ‘आठवडाभर ठेवतो.’ माणूस होकार देतो तो समोरच्या जिवाला, फॉर्मला नाही. पिल्लू हातात नसेल तर फॉस्टर घर मिळणारच नाही, आणि घर नाही म्हणून पिल्लू उचलायचं नाही. मग काम करायचं कसं?

दुसरं असं की, पावसाळ्यात हमरस्त्याच्या दुभाजकावर बसलेल्या पिल्लाला आई कुठे आहे हे बघत बसायला वेळ नसतो.

पशुवैद्य

दोघांच्याही बाजू समजतात, पण माझं मत नियमाच्या बाजूने. कारण एकच, पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा आतड्यांचा जीवघेणा संसर्ग.

घाईत उचललेल्या पिल्लाला लस झालेली आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. फॉस्टर घरी आल्यावर तीनचार दिवसांनी ते खाणं सोडतं, उलट्या होतात, मग रक्ताळ, कुजकट वासाचे जुलाब. माझ्याकडे येतात तेव्हा फॉस्टर करणाऱ्या मुलांनी रात्रभर सलाईनची बाटली पडद्याच्या दांडीला बांधून पिल्लू उबेला ठेवलेलं असतं. काही वाचतात, पण खोटं सांगणार नाही, बरीच जातात.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पार्वोचा विषाणू घरात आणि मातीत महिनोन्महिने टिकतो. फिनेलने फरशी पुसून तो मरत नाही. ब्लीच लागतं, एका भागाला तीस भाग पाणी, आणि फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. हे माहीत नसतं म्हणून त्याच घरात पंधरा दिवसांनी दुसरं बिनलशीचं पिल्लू येतं आणि तेही जातं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीनचार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. एका लशीवर ‘व्हॅक्सिनेटेड’ लिहून पिल्लू देऊन टाकणं हा अन्याय आहे, पिल्लावरही आणि घेणाऱ्यावरही.

म्हणून कोणत्या घरात आधी काय आजार होऊन गेला याची वही गटाकडे हवी. ती नसेल तर पिल्लू उचलूच नका. शिवाय फॉस्टर करणाऱ्या प्रत्येकाने चावा बसण्याआधीच रेबीजची लस घेऊन ठेवावी. पिल्लालाही रेबीज असू शकतो.

पाचवा मजला

मी कुत्र्यांच्या विरोधात नाही हे आधीच सांगते, नाहीतर लगेच शिक्का बसतो. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये फॉस्टरिंग चालतं. एखादं कुत्रं असतं तेव्हा कुणाची तक्रार नसते. पण जागा संपली की सगळी तिथेच येतात. मुलगी सकाळी ऑफिसला जाते आणि दिवसभर भिंतीपलीकडून रडणं ऐकू येतं. माझ्या सासऱ्यांचं बायपास झालं आहे, त्यांना दुपारची झोप नाही. बोलायला गेलं की सोसायटी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही हे ऐकवतात. ते मान्यच आहे. पण फॉस्टर ठरवताना त्या घरी दिवसा कुणी असतं का, हे तुम्ही विचारता का? शेजाऱ्यांशी आधी दोन शब्द बोलता का?

निशाचर

ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे. दिवसभर एकटं ठेवायचं असेल तर ते फॉस्टरिंग नव्हे. आमच्या यादीत तो प्रश्न आहे. पण त्यावरून पिल्लू उचलायचंच नाही हे सिद्ध होत नाही.

कृष्णाकाठ (सातारा)

शहरातली चर्चा वाचतोय. आमच्याकडे फॉस्टर हा शब्द पोचलेला नाही. कुत्रं शेतावर असतं, अंगणात असतं, घरचं शिळं-ताजं खातं, आणि कुणाचं म्हणून विचारलं तर ‘वस्तीचं’. लस नाही, नसबंदी नाही. वर्षातून दोनदा पिल्लं होतात, त्यातली निम्मी गाड्यांखाली जातात. शहरात एका पिल्लाच्या पार्वोवर जेवढा पैसा जातो तेवढ्यात इथे अख्ख्या वाडीला रेबीजची लस देऊन होईल. माझं रोखठोक मत आहे की पिल्लं दत्तक देण्याचं काम थांबवलं तरी चालेल, सगळं बळ लस आणि नसबंदीवर लावा.

म्हापशेकार

कृष्णाकाठ यांच्याशी सहमत. गोव्यात हे घडलेलं आहे. मिशन रेबीज या संस्थेची पथकं 2014 पासून वाड्यावाड्यांत फिरली, जाळीने कुत्री धरली, लस टोचली, रंगाची खूण केली आणि नोंद मोबाईलवर चढवली. एकदाच नव्हे, दरवर्षी. 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. यात फॉस्टर घरांचा काही वाटा नव्हता.

रानवारा

म्हापशेकार, लशीचं काम आणि फॉस्टरचं काम यांत मी भांडण लावत नाही. ज्या कुत्र्याचा पाय तुटलाय त्याला टाके आणि प्लास्टरनंतर महिनाभर कोरडी जागा लागतेच, ती लसीकरण पथक देत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की फॉस्टर घर हीच आमच्याकडे सगळ्यात कमी असलेली वस्तू आहे, आणि ती आपण आईपाशी सुखात असलेल्या पिल्लांवर खर्च करतो.

जर्सीतली

मी न्यू जर्सीत फॉस्टर करते. आमच्याकडे बरीच कुत्री दक्षिणेकडच्या राज्यांतल्या शेल्टरांतून गाडीने येतात. फॉस्टर घर पक्कं झाल्याशिवाय कुत्रं गाडीत चढतच नाही. डॉक्टरचा खर्च संस्था करते, माझ्याकडून फक्त वेळ आणि जागा. त्यामुळे मी वर्षानुवर्षं टिकले. पुण्यात माझी बहीण पदरमोड करून हेच काम करायची, तिने कंटाळून सोडलं. नियम माणसांना टिकवण्यासाठी असतो.

निशाचर

तुमच्याकडे कुत्रं शेल्टरात असतं, तिथे ते निदान पावसात नसतं. आमच्याकडे ‘थांबा’ म्हटलं की ते रस्त्यावरच थांबतं. पण खर्चाचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के पटलं. फॉस्टर करणाऱ्याकडून औषधांचे पैसे मागणारा गट वर्षभरही टिकत नाही.

आणि आता नुसत्या पिल्लांचा प्रश्न राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 ला नसबंदी आणि लस करून कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं. 7 नोव्हेंबरच्या आदेशाने मात्र शाळा, इस्पितळं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून परत तिथे सोडायची नाहीत असं ठरलं. मग ती जाणार कुठे? एसटी स्टँडवर आठ वर्षं काढलेली म्हातारी कुत्री फ्लॅटमध्ये ठेवायला कोण तयार होईल? मी तसं एक कुत्रं ठेवलं आहे. लिफ्टचं दार लागलं की ते पोट जमिनीला टेकवून थरथर कापतं आणि तिथेच लघवी करतं. आम्ही जिन्यानेच जातो. जेवण ताटलीत ठेवलं तर बघत नाही, जमिनीवर टाकलं तरच खातं. अशा कुत्र्यासाठी आगाऊ घर शोधा म्हणाल तर ते कधीच मिळणार नाही.

पशुवैद्य

मोठ्या कुत्र्यांबद्दल निशाचर म्हणतात ते खरं आहे. त्यांना पार्वोचा धोका पिल्लांच्या मानाने फार कमी, त्यामुळे माझा आक्षेप तिथे तितका लागू होत नाही. गोचीड ताप आणि त्वचेचे आजार मात्र तपासून घ्या.

रानवारा

मग मी नियम असा बदलते. आई जवळपास असलेल्या पिल्लांना हात लावायचा नाही. तिथेच खाणं, लस आणि पुढे आईची नसबंदी. आई खरंच नाही हे पाहायला किमान एक रात्र लांबून लक्ष ठेवायचं. बाकी पिल्लं फॉस्टर घर ठरल्यावरच. मोठ्या कुत्र्यांचा निर्णय गटाने मिळून घ्यायचा. दिवसा घरी कुणीतरी असलंच पाहिजे आणि शेजाऱ्यांना आधी सांगायचं. सगळी बिलं गटाच्या खात्यातून, आणि खात्यात पैसे नसतील तेव्हा नवीन कुत्रं घ्यायचं नाही.

पाचवा मजला

असं असेल तर आमच्या मजल्यावर कुणी फॉस्टर करायला माझी हरकत नाही. दुपारी मी घरीच असते, पाणी बघू शकते.

निशाचर

रानवारा, तुमच्या नियमाच्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध कायम आहे. रक्त वाहत असलेलं कुत्रं समोर असताना मी खात्यातली शिल्लक बघणार नाही आणि गटातल्या कुणी बघू नये. ‘जखमी आणि आजारी सोडून’ एवढे शब्द नियमात पहिल्या ओळीत घाला. ते नसतील तर मी या गटात राहणार नाही, एकटा काम करेन.